दोन जन्मांच्या गाड्या

१ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या, पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. केंद्राचा हा नियम राज्य शासन, जिल्हा परिषद, नगरपालिका, महामंडळं अशा सगळ्यांना लागू आहे. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातल्या चिलखती आणि तत्सम खास गाड्यांना. रुग्णवाहिकेला ती नाही, शववाहिकेलाही नाही. नियमामागचं कारण रास्त आहे. जुनी इंजिनं धूर ओकतात, ब्रेक दगा देतात आणि जिच्या भरवशावर बाळंतीण घाट चढते ती गाडी विसाव्या वर्षी रस्त्यावर असूच नये. तेव्हा या प्रस्तावनेला त्या नियमाविरुद्ध तक्रार मांडायची नाही. प्रश्न वेगळा आहे. रस्त्यावरून उतरलेल्या या गाड्यांपैकी निदान एखादी जपून ठेवावी असं कुणाला वाटतं का, आणि वाटावं का? मोटारी जमवण्याचा छंद महाराष्ट्रात नवा नाही. मुंबई-पुण्यात विंटेज गाड्यांचे मेळे भरतात, लोक गर्दी करतात. त्या गर्दीत जुनी रुग्णवाहिका क्वचितच दिसते आणि शववाहिका तर नाहीच. पुढच्या पानांचा विषय याच दोन गाड्या आहेत आणि त्यांची भूमी आहे बुलढाणा जिल्हा, जिथे संस्थानिकांच्या मोटारी नव्हत्या, पण आरोग्य केंद्राची गाडी मात्र गावोगाव ओळखीची होती. माझं म्हणणं असं की या गाड्या जपायला हव्यात. मात्र हौशी संग्राहक ज्या मापाने मोटार मोजतो ते माप इथे लावलं तर जपण्याजोगी एकही गाडी उरणार नाही. माप बदलायला हवं.

हे माप काय आहे ते आधी पाहू. विंटेज गाडीचं मोल तीन-चार गोष्टींवर ठरतं. कंपनी नामांकित आहे का, तशा किती गाड्या उरल्या आहेत, मालक कोण होता आणि गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे का. शेवटची अट सगळ्यांत कडक. मूळ इंजिन, मूळ चासी, मूळ रंग. दिव्याची काच बदललेली दिसली तरी परीक्षक गुण कापतो. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस या परीक्षेत सहज उतरतात, कारण त्या वापरण्यापेक्षा मिरवण्यासाठीच जास्त होत्या. कामाच्या गाड्यांना या दरबारात अगदीच मज्जाव आहे असंही नाही. स्टेट्समन वृत्तपत्राची दिल्लीतली विंटेज गाड्यांची रॅली १९६४ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातला १९१४ चा आगीचा मॉरिस बंब तिथला मानाचा पाहुणा. इंग्लंडात सॅल्फर्डच्या जॉन मॉरिस कंपनीने तो बांधला, निझाम स्टेट रेल्वेने वापरला आणि १९६० पर्यंत तो कामावर होता. बुलढाण्याला खेटून असलेला मराठवाडा तेव्हा त्याच निझामी राज्यात होता. आज त्या बंबापुढे पोरांना उभं करून फोटो काढले जातात. बंब आणि रुग्णवाहिका यांच्या कामात फार फरक नाही. दोन्ही संकटात धावतात. फरक आठवणीत आहे. बंबाची आठवण गावाची असते, चारचौघांत सांगण्याजोगी असते. रुग्णवाहिकेची आठवण एकेका घराची असते आणि बहुतेक वेळा ती कुणाला काढायची नसते. या गाड्या संग्रहाबाहेर राहिल्या त्याचं खरं कारण हे आहे. त्या सामान्य होत्या किंवा कुरूप होत्या हे कारण वरवरचं.

अमेरिकेत मात्र या गाड्यांच्या संग्राहकांची रीतसर संघटना आहे. प्रोफेशनल कार सोसायटी नावाने ती १९७६ मध्ये स्थापन झाली. तिथे हे का घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. कॅडिलॅक कंपनी लांबलचक चासी वेगळी विकत असे आणि मिलर-मीटियोर, सुपीरियर अशा कंपन्या तिच्यावर शववाहिकेची किंवा रुग्णवाहिकेची बॉडी चढवत. लहान गावात रुग्णवाहिका चालवणारा बहुधा अंत्यसंस्काराचा व्यावसायिकच असे, कारण माणसाला आडवं झोपवता येईल एवढी लांब मोटार गावात त्याच्याकडेच होती. सकाळी शवपेटी आणि दुपारी अपघातातला जखमी एकाच गाडीतून नेता यावा म्हणून दोन्ही कामांची एकच गाडीही बनत होती. तिच्या तळाला शवपेटी सरकवण्याचे रूळ असत आणि ते उलटे केले की तळ सपाट होई. जखमी माणसाला ते रूळ दिसत नसत. १९६६ मध्ये अपघाती मृत्यूंवरचा एक राष्ट्रीय अहवाल आला, उपचाराविना वाटेतच माणसं दगावतात हे त्याने दाखवून दिलं, आणि १९७४ मध्ये रुग्णवाहिकेसाठी केंद्रीय निकष ठरले. बुटक्या छताची मोटार त्या निकषांत बसेना. उंच व्हॅन आल्या, कॅडिलॅक कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि दोनच वर्षांत संग्राहकांची संघटना उभी राहिली. थोडक्यात, संग्रहाची सुरुवात कायद्याने गाडी रस्त्यावरून उतरवल्यावर झाली. आपण आज नेमके त्या टप्प्यावर आहोत. पण तिथली बॉडीही नामांकित कारखान्याचीच असे, त्यामुळे मूळ रूपाचं जुनं माप तिथे चाललं. आपल्याकडे चालत नाही.

आपल्याकडे चासी कंपनीची आणि बाकीचं गावच्या गॅरेजचं, हीच रीत. १९४७ पासून महिंद्राने विलिस जीप जोडायला घेतली आणि पुढे आरोग्य केंद्राची पहिली गाडी म्हणून बहुतेक ठिकाणी जीपच आली. काही युनिसेफच्या मदतीतून आल्या. कापडी हुडाखाली मागच्या दोन बाकांमध्ये स्ट्रेचर तिरपं बसवायचं आणि रुग्णाचे पाय बाहेर येऊ नयेत म्हणून मागची फळी उघडी ठेवून दोरीने बांधायची, असा तो प्रवास. साठच्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या बजाज टेम्पोने मॅटाडोर आणली आणि रुग्णवाहिका म्हणजे मॅटाडोर हे समीकरण दोन-तीन दशकं टिकलं. याला तांत्रिक कारण आहे. मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालते, मागे जाणारा दांडा नाही, म्हणून मागचा तळ खाली आणि सपाट ठेवता येतो. दोन माणसांना स्ट्रेचर कमरेइतकंही उचलावं लागत नाही. तोटा घाटात कळतो. चढावर भार मागच्या चाकांकडे सरकतो आणि ओढणाऱ्या पुढच्या चाकांची पकड कमी होते. त्यानंतर १९८४ ची मारुती व्हॅन, १९८७ ची टेम्पो ट्रॅव्हलर, नव्वदच्या दशकातली सुमो. आणि मग दुसरा जन्म. रुग्णवाहिका म्हणून गाडी थकली की ती शववाहिका होते. स्ट्रेचर निघतं, त्या जागी स्टीलची सरकती फळी येते, सलाईनचा हूक तसाच राहतो कारण तो काढून कुणाला काही फायदा नसतो, बाजूच्या पत्र्यात काच बसते, छतावर भोंगा लागतो, क्वचित पत्र्याचा कळसही. पांढऱ्या रंगावर नवा हात फिरतो. त्या हाताखाली नीट पाहिलं तर उजेडाच्या तिरिपेत जुन्या अक्षरांची कड दिसते: प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि खाली गावाचं नाव.

विंटेजच्या परीक्षकाने ही गाडी पाहिली तर तो तिला नापास करील. रंग बदललेला, बॉडी कापलेली, इंजिन दुसऱ्या गाडीचं. पण या गाडीत सांगण्यासारखं जे काही आहे ते याच बदलांत आहे. कंपनीची मॅटाडोर भाजीही वाहत होती आणि लग्नाचं वऱ्हाडही. ती बुलढाण्याची रुग्णवाहिका झाली ती हूक, बाक, सरकती काच आणि वेल्डिंगच्या ओबडधोबड शिवणीमुळे. ते सगळं खरवडून तिला कारखान्यासारखी चकचकीत करणं म्हणजे जपण्याच्या नावाखाली पुसून टाकणं होय. म्हणून या गाड्यांच्या संग्राहकाला पहिली सूचना अशी की दुरुस्ती कमीत कमी करा. गंज थांबवा, पाणी आत येऊ देऊ नका, पण दुसऱ्या जन्माचा रंग पहिल्या जन्मासाठी काढू नका. सेवेच्या काळात जोडलेली प्रत्येक गोष्ट मूळच समजावी.

बुलढाणाच का, असं कुणी विचारील. उत्तर जिल्ह्याच्या घडणीत आहे. इथला माणूस जिल्ह्याचे दोन भाग सहज बोलून जातो, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा वर. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली. जिल्हा रुग्णालय अजिंठ्याच्या डोंगरावर आणि रेल्वे खाली मलकापूर-नांदुरा-शेगावकडून जाणारी. मोताळ्याच्या रुग्णाला जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर राजूर घाट चढायचा. तिथेही जमेना आणि डॉक्टरांनी पुढे हलवायला सांगितलं तर अकोला नाही तर औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) घाटी रुग्णालय, म्हणजे पुन्हा शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं ते २०२४ मध्ये. तोवर या जिल्ह्यात गंभीर आजाराचा अर्धा इलाज म्हणजे गाडी मिळणं हाच होता. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली, तेव्हापासून या गाडीचा मालक कुठे मुंबईत नव्हता, जिल्ह्यातच होता. गाडी बंद पडली की ती सभागृहाच्या बैठकीत चर्चेला यायची, डिझेलला पैसे नसले की वर्तमानपत्रात यायची. २०१४ मध्ये राज्यभर १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक सोयींच्या. त्यानंतर आलेल्या गाड्या एकसारख्या आहेत, चांगल्या आहेत आणि जिल्ह्याची खूण त्यांच्यावर नाही. तशी असण्याची गरजही नाही. पण त्याआधीच्या अर्धशतकाचा पुरावा नाहीसा होतो आहे हे खरं.

तो पुरावा किती मोलाचा आहे हे कळायला सरकारी गाडीचं लॉगबुक उघडून पाहावं. तारीख, कोठून, कोठे, निघतानाचे किलोमीटर, परतीचे किलोमीटर, प्रयोजन, भरलेलं डिझेल, सही. एवढेच रकाने. पण प्रयोजनाच्या रकान्यात बाळंतपण, सर्पदंश, भाजणे, विषबाधा असे शब्द महिनोन्‌महिने कोणत्या क्रमाने येतात ते पाहिलं की पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंतचं वर्ष उलगडतं. सापाचे दिवस पावसाळ्याचे, फवारणीच्या विषबाधा त्यानंतरच्या. पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी जुलै २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पॅकेज जाहीर केलं त्यांत बुलढाणाही होता. आत्महत्येची आकडेवारी तहसीलच्या फाइलमध्ये मिळते. पण विष घेतलेला माणूस गावातून किती वाजता निघाला, गाडी कुठून आली आणि ग्रामीण रुग्णालयातून शवविच्छेदन होऊन तो कशातून परत गेला, ही हकीकत लॉगबुकात आहे. इतिहास लिहिणाऱ्याने या वह्यांकडे अजून पाहिलेलं नाही, कारण गाडी भंगारात गेली की वहीही जाते. गाडी आणि तिची वही एकत्र जपली तर तो एक दस्तऐवज होतो. वहीविना गाडी म्हणजे निव्वळ पत्रा.

शववाहिकेचा प्रश्न जास्त नाजूक आहे. इथे मुख्य आक्षेप अशुभाचा. प्रेत वाहणारी गाडी कोण दारात उभी करील? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण तो तपासून पाहण्यासारखा आहे. मृत्यूशी जोडलेली प्रत्येक वस्तू आपण टाळतो असं म्हणावं तर शेगावला जाणाऱ्या गर्दीचं काय करायचं? गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० ला समाधी घेतली आणि त्या समाधीपुढे आज महाराष्ट्र रांग लावतो. यावर उत्तर येतं की समाधी संताची असते, सामान्याची नव्हे, आणि ते उत्तर बरोबर आहे. सामान्य माणसाच्या अंत्यविधीचं साहित्य आपल्याकडे नष्ट करण्यासाठीच असतं. बांबू, सुतळी, मडकं, त्यांतलं काहीच घरी परत येत नाही. शववाहिका ही या विधीतली पहिली वस्तू, जी स्मशानातून परत येते आणि उद्या दुसऱ्या घरी जाते. तिच्याविषयी लोकांना वाटणारी अढी तिथून येते, आणि तिचं ऐतिहासिक महत्त्वही तिथेच आहे. खांदेकरी कमी पडू लागले, मुलं पुण्या-मुंबईला गेली, गाव वाढून स्मशान लांब पडलं, आणि खांद्यांचं काम चाकांकडे आलं. नगरपालिकेने, एखाद्या सेवाभावी मंडळाने किंवा आमदार निधीतून वैकुंठरथ घेतला. भजनी मंडळ टाळ-मृदंगासह गाडीपुढे चालत राहिलं, नंतर ध्वनिफितीने त्याची जागा घेतली. कोणत्या गावात हा बदल कधी झाला, कोणत्या वस्तीत गाडी आधी पोचली आणि कुठे उशिरा, हे विचारलं तर जातीपातीच्या वेगवेगळ्या स्मशानभूमींच्या गावात या गाडीने काय केलं आणि काय करू शकली नाही, तेही कळतं. मला स्वतःला शववाहिकेतली ही बाजू रुग्णवाहिकेपेक्षाही अभ्यासाची वाटते.

आणि दोन्ही गाड्या वेगळ्या मानायच्या तरी किती? एप्रिल २०२१ मध्ये बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेले गेले तेव्हा देशभर संताप उसळला. संताप योग्यच होता. पण त्याने हेही दाखवलं की आपल्या जिल्ह्यांत रुग्णवाहिका आणि शववाहिका यांच्यामधली भिंत नेहमीच पातळ होती. महामारीत ती पडली एवढंच. एकाच छपराखाली दोन्ही गाड्यांचा विचार करण्यामागे हौस नाही, वस्तुस्थिती आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो अशुभापेक्षा भारी आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतून रुग्णाला झोळीतून आणल्याच्या बातम्या आजही येत असताना भंगार रुग्णवाहिकेवर पैसा घालवायचा? उघड सांगायचं तर चालत्या गाडीचा एक रुपयाही संग्रहाकडे वळता कामा नये, आणि ज्या गाडीत अजून रुग्ण जाऊ शकतो ती संग्रहात येता कामा नये. इथे बोलणं चाललं आहे ते निर्लेखित गाडीचं, जिची किंमत भंगाराच्या वजनावर ठरते. ती चालू स्थितीत आणायची गरज नाही. इंजिन घडवण्याचा खर्चच मोठा असतो आणि तोच टाळता येतो. शेड हवी, कोरडी जमीन हवी, चाकांखाली ठोकळे हवेत. शिवाय झोळीचा मुद्दा माझ्या बाजूनेही बोलतो. झोळी, बंडी, जीप, मॅटाडोर, १०८ हा क्रम एकाच जिल्ह्यात एकाच वेळी नांदतो हे दाखवायचं तर त्यातल्या वस्तू हाताशी असाव्या लागतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. तो याच जिल्ह्यातून जातो, आणि १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ त्यावरच बस पेटून २५ जणांचा जीव गेला. वेगवान रस्ता असणं आणि वेळेत मदत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे समजायला पूर्वी मदत कशी पोचत होती ते माहीत असावं लागतं.

कायद्याची अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर नुसत्या युक्तिवादाने मात होणार नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी विंटेज गाडीची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी वा चारचाकी. तिला क्रमांकात व्हीए अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरती. आता हा नियम आणि २०२३ चा नियम शेजारी ठेवून वाचा. सरकारी गाडी पंधराव्या वर्षी रस्त्यावरून जाणार आणि नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडे रवाना होणार. विंटेज होण्यासाठी तिला पन्नास वर्षं जगायला हवं. मधली पस्तीस वर्षं ती कुठे काढणार? १९७५ ची मॅटाडोर २०२५ मध्ये पन्नाशीला आली, पण तशी मॅटाडोर कुणा ट्रस्टच्या किंवा मिशनच्या दवाखान्याच्या आवारात विसरली गेली असेल तरच उरली असणार, आणि ती सापडली तरी बॉडीतल्या बदलांमुळे व्याख्येत अडकेल. म्हणजे राजाची गाडी कायद्याने वारसा ठरते आणि आरोग्य केंद्राची गाडी कायद्यानेच भंगार ठरते. हे कुणी ठरवून केलेलं नाही. नियम करताना अशा गाड्या डोळ्यांपुढे नव्हत्या एवढाच याचा अर्थ. वाट आहे. निवृत्त रणगाडे आणि लढाऊ विमानं चौकाचौकांत चौथऱ्यावर बसतात, वाफेची इंजिनं स्थानकांबाहेर उभी असतात. ती चालवायची नसतात, पाहायची असतात. प्रत्येक जिल्ह्याला मोजक्या निर्लेखित सेवा-वाहनांसाठी अशीच स्थिर प्रदर्शनाची मुभा शासनाने द्यावी, इंजिन निकामी करून आणि नोंदणी रद्द करूनच. ती रस्त्यावर येऊ नये ही अट मला मान्य आहे, किंबहुना ती हवीच. भोंगा आणि लुकलुकता दिवा लावून हौशी माणूस वाहतुकीतून वाट काढू लागला तर या छंदाला लोकांनी शिव्या दिल्या तरी त्या रास्तच ठरतील.

कागदांवर मी एवढा भर का देतो त्याचं एक परदेशी उदाहरण पुरे. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेत १९६३ ची एक पॉन्टिॲक रुग्णवाहिका लिलावात निघाली. अध्यक्ष केनेडी यांचा मृतदेह विमानतळावरून नौदलाच्या रुग्णालयात नेणारी हीच ती, असा दावा होता. जाणकारांनी पुरावे काढले की खरी गाडी १९८६ मध्येच चेपून नष्ट करण्यात आली होती. तरीही बोली १,२०,००० डॉलरवर गेली. पुढच्याच वर्षी केनेडींची शवपेटी डॅलसच्या रुग्णालयातून विमानतळावर नेणारी पांढरी कॅडिलॅक १,६०,००० डॉलरना विकली गेली. आपल्याकडे अशा किमती येणार नाहीत, पण अमुक पुढाऱ्याला किंवा महाराजांना याच गाडीतून नेलं असे दावे येणारच. आरसी, लॉगबुक, निर्लेखनाचा ठराव आणि चासी क्रमांक जुळल्याखेरीज असा एकही दावा स्वीकारू नये. याच कागदांबाबत एक खबरदारीही घ्यायला हवी. लॉगबुकात रुग्णांची नावं असतात. विष घेतलेल्याचं, जळालेल्या सुनेचं नाव असतं. ती पानं प्रदर्शनाच्या काचेखाली उघडी ठेवता येणार नाहीत. नावं झाकून नोंद अभ्यासाला द्यावी. आणि लाल क्रॉस. जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायदा, १९६० नुसार ते चिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही, तरी जुन्या गाड्यांवर ते सर्रास रंगवलेलं आहे. माझ्या मते जुना क्रॉस असेल तर तो तसाच, फिकट, राहू द्यावा. नव्या रंगाने उजळू नये. चूक ही त्या काळाची नोंद आहे, ती आज पुन्हा करायची नाही.

एक उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी पुढाकार घेऊन एक बोट रुग्णालय म्हणून सज्ज केली. तिचं नाव लॉयल्टी. युद्धानंतर ती वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने विकत घेतली. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होतो. देशाला तिचा व्यापारी जन्म आठवतो, रुग्णांचा जन्म आठवत नाही. १९२३ मध्ये मुंबईत ती तोडली गेली. भव्य, नामांकित, संस्थानिकाच्या आश्रयाच्या रुग्णनौकेची ही गत, तर आरोग्य केंद्राच्या मॅटाडोरचं काय?

म्हणून वाचकांना विनंती आहे, आणि ती फार मोठी नाही. तुमच्या नगरपालिकेत, ग्रामीण रुग्णालयात किंवा ट्रस्टच्या दवाखान्यात एखादी जुनी गाडी निर्लेखनाच्या यादीत असेल तर लिलावाआधी तिचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो घ्या, चासी क्रमांक लिहून घ्या, लॉगबुक रद्दीत जाऊ देऊ नका आणि ती चालवलेल्या निवृत्त चालकाला गाठून त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवा. जिल्हा परिषदेच्या सदस्यांना एवढंच सांगणं की तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात एका शेडला पुरेल एवढी जागा आहे. पहिली गाडी बुलढाण्याचीच असावी, आणि शक्य झालं तर ती दोन्ही जन्म पाहिलेली असावी.